त्रेचाळीस पुंगळ्या

1990 सालच्या जूनमधली गोष्ट. बी.एड. होऊन मला वर्ष झालं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, रहिमतपूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथून सकाळच्या गाडीनं निघायचं, कधी कराडला, कधी ताकारीला, कधी थेट सांगलीला उतरायचं, संस्थांचे उंबरे झिजवायचे आणि रात्री परत यायचं. जागा सगळीकडं होत्या, पण त्यांना भाव होता. आमची सगळी मिळून अडीच एकर जमीन, त्यातली एकर पाण्याखाली. ती विकली असती तरी भाव पुरा झाला नसता.

सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी माझा अर्ज वाचला. आडनावावर बोट ठेवून म्हणाले, "खडकीच्या फॅक्टरीत होते ते तुमचे कोण?"

"चुलते, साहेब. तात्या. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले."

"डाय करायचे ना?"

मी हो म्हणालो. साहेबांनी टेबलाचा खण उघडला आणि एक कापडी पिशवी काढून पुढं ठेवली. आत पितळ वाजलं. सुपारीची पिशवी वाजावी तसा आवाज, पण जड.

साहेबांकडं परवान्याचं .32 रिव्हॉल्व्हर होतं. गोळ्या परवान्यावर मोजून मिळतात. दुकानदार परवान्यावर नोंद करतो, शिक्का मारतो आणि मगच डबी हातात देतो. निवडणूक लागली की रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. आणि साहेबांना तर दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की बार काढायची हौस, पुतण्याच्या वरातीत हौस, पॅनेल निवडून आलं की हौस. मोजून मिळालेल्या गोळ्या कशा पुरणार? कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं, की परदेशात लोक रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. टोपी नवी, दारू नवी, शिसं नवं, पुंगळी तीच. फक्त योग्य मापाची डाय पाहिजे.

"माधवनगरला ओळखीचं वर्कशॉप आहे. लेथ आहे, पोलाद आहे. तुमच्या चुलत्यांनी फक्त माप सांगायचं आणि शेवटचा हात मारायचा. तुमच्या ऑर्डरचं मी बघतो."

साहेब नंतर बरंच बोलले. आपल्या भागाला बंदूक काही नवी नाही, बेचाळीसच्या चळवळीत याच भागात तुफान सेना उभी राहिली, शेणोलीला रेल्वे अडवली ती आपल्याच माणसांनी, वगैरे. माझं लक्ष नव्हतं. 'तुमच्या ऑर्डरचं मी बघतो' एवढंच कानात वाजत होतं. पिशवी शबनममध्ये घालून मी स्टेशनवर आलो. गाडीत ती मांडीवर घेऊन बसलो. समोर एक हवालदार बसला होता. मिरज–पुणे पॅसेंजरचा तो प्रवास मला अजून आठवतो.

तात्या 1951 साली खडकीला लागले. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. आमच्या भागातली किती माणसं त्याच्या भोंग्यावर जगली याला गणती नाही. आमच्याकडं घरटी एकजण पलटणीत नाहीतर कारखान्यात. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत, त्याची पाटी गावात आहे. आमचं गाव तेवढं नशीबवान किंवा तेवढं कमनशिबी नव्हतं. आमची माणसं गोळी झेलायला कमी आणि गोळी करायला जास्त गेली.

तात्या टूलरूमला होते. गोळीची पुंगळी कशी होते, हे त्यांनी आम्हा पोरांना चुलीपुढं बसून कितीदा सांगितलं असेल. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त, असं पितळ. त्याच्या पट्टीतून चकती कापायची. चकतीची वाटी करायची. ती वाटी डायमधून पंचानं ओढायची, की ती थोडी लांब होते. पितळ ओढलं की ताठरतं, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायचं, धुवायचं, पुन्हा दुसऱ्या, थोड्या बारीक डायमधून ओढायचं. असं करत करत वाटीची नळी होते. मग बूड ठोकायचं, तोंड कापायचं. सगळा खेळ डायचा. तात्या म्हणायचे, "माणूस चुकला तर एक नग बिघडतो. डाय चुकली तर लॉटच्या लॉट बिघडतो, आन वरनं सगळं नग एकसारखं दिसत्यात. त्येच वाईट."

रिटायर होऊन आले तेव्हा त्यांनी कारखान्यातून काही आणलं नव्हतं. स्वतःच्या पैशानं घेतलेला एक मायक्रोमीटर, एक भिंग आणि कानशींचा एक जुडगा, एवढंच. सोप्यात एक बाकडं ठोकून त्याला वाइस लावला होता. गावातली किर्लोस्करची इंजिनं, शिलाई मशीन, चाफकटरचं पातं, सगळं त्यांच्याकडं यायचं. पैसे कुणी दिले तर घ्यायचे. नाही दिले तर मागायचे नाहीत.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पिशवी त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. ऑर्डरचंही सांगितलं. चुलती दाराशी उभी होती, तिनंही ऐकलं.

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी कंदील जवळ ओढला, कारण लाइट गेली होती. पिशवी घोंगड्यावर उपडी केली आणि पहिल्यांदा पुंगळ्या मोजल्या. त्रेचाळीस भरल्या. मग एकेक पुंगळी उचलून बॅटरीच्या उजेडात आत डोकावून बघायला लागले. बघायचे आणि दोन ढिगांपैकी एकात ठेवायचे. मधूनच एखादी तिसरीकडं.

"काय बघताय, तात्या?"

"भोकं. ह्यात बघ."

मी डोळा लावला. आत बुडाला मधोमध एकच भोक होतं. दुसरी दिली. तिच्यात मध्ये बारीकसा उंचवटा होता आणि त्याच्या दोन बाजूंना सुईनं पाडल्यासारखी दोन भोकं.

तात्या सांगायला लागले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज टूलरूममधला वाटला. म्हणाले, टोपीवर घोडा आपटला की टोपीतला मसाला कशावर तरी चेपला पाहिजे. एका जातीत ती ऐरण टोपीतच असते, म्हणून पुंगळीला मध्ये एक मोठं भोक. दुसऱ्या जातीत ऐरण पुंगळीलाच असते, म्हणून बाजूला दोन बारीक भोकं. पहिली जात बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, दुसरी बर्डन नावाच्या अमेरिकनाची. गंमत अशी, की इंग्रजाची अमेरिकेत चालली आणि अमेरिकनाची युरोपात.

"पुन्हा भरायची डाय आसती तिच्यात मधोमध एक पिन आसती. वरनं दाबलं की ती पिन त्या भोकातनं जाती आन जुनी टोपी खाली पाडती. आता ही दोन भोकांची घातली तर काय हुईल?"

"पिन ऐरणीवर आपटेल."

"आपटंल आन मोडंल. म्हंजी डाय निवडायच्या आधी पुंगळी निवडाय लागती. तुझ्या साह्येबाच्या त्रेचाळीसातल्या सव्वीस हितंच गेल्या." तिसऱ्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्या तीन तोंडाला चिरल्यात. त्या बी गेल्या. ऱ्हायल्या चौदा."

मग मायक्रोमीटर निघाला. एका भोकाच्या चौदा पुंगळ्या त्यांनी बुडाशी, मध्ये आणि तोंडाशी मोजल्या. हिशेब इंची, थाऊमध्ये. म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ".32 लाँगची पुंगळी तीनशे सदतीस थाऊ पायजे. ही बघ, तीनशे चाळीस. ही एकोणचाळीस. का?"

मला काय ठाऊक?

"बार उडला की पुंगळी फुगती, आन सिलिंडरातल्या तिच्या घराला जाऊन चिकाटती. चिकाटली म्हणून तर धूर मागं येत न्हाय. मग वाईच आवळती, पण पयल्याइतकी न्हाय. ती तशीच भरली तर दुसऱ्या घरात शिरंल न शिरंल. म्हणून पयली डाय आवळायची. तिनं पुंगळी पुन्हा मापात आणायची."

पुढचं त्यांनी बोटावर मोजून सांगितलं. पहिली आवळायची. दुसरी तोंड फुलवायची, जराशीच, म्हणजे शिशाची गोळी घासली न जाता आत बसते. तिसरी गोळी बसवायची, आणि तीच शेवटी तोंड मिटवते. पिस्तुलाला आणि रिव्हॉल्व्हरला अशा तीन डाय लागतात. रायफलीच्या बाटलीसारख्या पुंगळीला सहसा दोन पुरतात. आवळायची डाय साध्या पोलादाची केली तर दर पुंगळीला तेल लावायला लागतं. विसरलात तर पुंगळी आत अडकून बसते आणि काढताना डायवर ओरखडा येतो. एकदा ओरखडा आला की तो पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटणार. टंगस्टन कार्बाइडची कडी बसवली तर तेल लागत नाही, पण ती कडी लेथवर होत नाही, हिऱ्याच्या भुकटीनं घासावी लागते.

"पर ह्ये सगळं नंतर. डाय निवडायची तर पयला प्रश्न एकच. गोळी घरात गेल्यावर कशावर टेकती?"

त्यांनी .32 ची पुंगळी दोन बोटांत उभी धरली. बुडाशी बाहेर आलेली कड दाखवली. "ही ह्या काठावर टेकती. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला काठ आसतो. तवा तिचं तोंड आत वळवून घट मिटीवलं तरी चालतं. मिटवायच पायजे, न्हायतर चार बार उडल्यावर पाचवी गोळी धक्क्यानं फुडं सरकती आन सिलिंडर फिरायचा थांबतो. पर नऊ एमएमला काठ न्हाय. ती टेकती तोंडावर. तिचं तोंड रिव्हॉल्व्हरवाणी आत वळीवलंस, तर टेकायला काय ऱ्हायलं? ती आत बुडती. तिला नुसतं दाबून सरळ करायचं, वळवायचं न्हाय. दोन्ही गोळ्या हातात घितल्या तर येड्याला बी सारख्या वाटतील. डाय येगळी."

मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात मस्टरवर सही करत होतो. एवढं येतंय, तेव्हा तात्या आता करणारच. चौदा तर चौदा. साहेबांना आणखी पुंगळ्या मिळतील. मी विचारलं, "मग किती दिवस लागतील?"

तात्यांनी पुंगळ्या पिशवीत भरायला सुरुवात केली. भरताना पुन्हा मोजत होते.

"कशाला?"

"डाय करायला."

"म्या करत न्हाय."

चुलती दारातून म्हणाली, "आवं, पोराच्या नोकरीचा सवाल हाय." तात्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. एक पुंगळी उलटी करून कंदिलापाशी धरली. बुडावर टोपीच्या भोवती बारीक अक्षरं उठवलेली होती.

"काय लिवलंय?"

मला चष्मा होता, तरी भिंग घ्यावं लागलं. के आणि एफ.

"ही आमची फॅक्टरी. ही दोन अक्षरं बुडावर उठायच्या आधी आन नंतर किती जण ती पुंगळी तपासत्यात ठावं हाय? लांबी एक जण, जाडी एक जण, टोपी एक जण. लॉटमधल्या काही उडवून बघत्यात. गो गेज आत गेला पायजे, नो-गो आत जाता कामा नये. नो-गो आत गेला तर त्यो नग बाद. साह्येब आसू दे न्हायतर साह्येबाचा बाप. आता ह्याच पुंगळीत तुझा साह्येब माधवनगरला बसून दारू घालणार. पिस्तुलाची दारू जराशीच लागती, पुंगळीत निम्मी जागा रिकामी ऱ्हाती. चुकून दोनदा पडली तर वरनं कळत बी न्हाय. वरातीत कुणाच्या तरी पोराच्या हातात ते फुटंल. आन मग पोलीस पुंगळी बघतील. बुडावर काय लिवलंय? आमचं नाव. आत कुणाचं काम हाय, ते कुठं लिवल्यालं आसतंय?"

मी म्हणालो, "पण तात्या, डाय तर तुम्ही बरोबर कराल ना?"

"बरोबरच करीन. म्हणून तर करत न्हाय. डाय बरोबर आसली की मानसाला वाटतंय समदंच बरोबर हाय."

मग जरा वेळानं, हळू आवाजात म्हणाले, "परवान्याबिगर गोळी करनं गुन्हा हाय. एकोणसाठचा कायदा हाय. म्या सदतीस वर्सं त्याच गेटातनं आत-भायेर केलंय, रोज झडती दिऊन. आता हितं सोप्यात बसून करू? आन त्येला सांग, बेचाळीसवाल्यांचं नाव घ्यायचं आसंल तर ह्येबी ध्यानात ठेव. त्यास्नी गोव्यास्नं जीव धोक्यात घालून हत्यारं आणाय लागायची. गोळी मोजून आसायची. वर आभाळात उडवाय कुणापाशी न्हवती."

पिशवीचं तोंड बांधून त्यांनी माझ्या हातात दिली. "त्रेचाळीस आनल्यास, त्रेचाळीस परत ने. आन त्येला म्हनावं, त्यास्नी येतंय, पर करत न्हाईत. आस्संच सांग."

मी रात्रभर जागा होतो. राग आला होता. चाळीस वर्षं सरकारसाठी गोळ्या केल्या तेव्हा त्या कुणावर उडणार हे विचारलं का, असं मनात येत होतं. ओठांपर्यंत आलं, पण तात्यांच्या पुढ्यात बोलायची आमची रीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन साहेबांकडं गेलो. निरोप पाठ होता. येतंय, पर करत न्हाईत. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "साहेब, तात्यांचे डोळे गेलेत. मोतीबिंदू. मायक्रोमीटर दिसत नाही त्यांना आता."

साहेबांनी च्च् केलं. पिशवी खणात टाकली. "बघू दुसरं कुणी," म्हणाले. मग थोडा वेळ माझ्याकडं बघत बसले. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं नाही. तुमच्या घरातून प्रयत्न तरी झाला, असं काहीतरी असावं. ऑगस्टमध्ये माझी ऑर्डर निघाली. पहिली दोन वर्षं बिनपगारी, पण निघाली.

घरी सांगितलं, ऑर्डर मिळाली. चुलतीनं साखर वाटली. तात्यांनी एवढंच विचारलं, "निरोप दिलास?"

"दिला."

"आस्साच?"

"हो."

त्यानंतर तीन वर्षांनी माझं लग्न झालं. साहेब आले. फेटा बांधून त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. मांडवात तात्यांची कुणीतरी ओळख करून दिली. साहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं विचारलं, कारण आंधळ्या माणसाला ऐकूही कमी येतं असं आपल्याला वाटतं, "तात्या, डोळं कसं काय हायत आता?"

मी चार हातांवर मुंडावळ्या बांधून उभा होतो. माझे पाय गार पडले.

तात्यांनी साहेबांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एखादी पुंगळी आत डोकावून बघायला लागतो तेवढाच.

"लांबचं चांगलं दिसतंय, साह्येब," ते म्हणाले. "जवळचंच दिसत न्हाय."

साहेब हसले. त्यांना वाटलं, चाळिशी लागली म्हणतायत. लग्न लागलं, पंगती उठल्या. तात्यांनी तो विषय मला त्या दिवशी विचारला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. रागावले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी बोलणं तोडलं नाही. आजारपणाला, सणाला, औताला, सगळ्याला ते पहिल्यासारखे होते. फक्त एक झालं. पूर्वी बाकड्यावर काही नाजूक काम निघालं की मला हाक मारायचे, 'ये, ह्ये बघ' म्हणायचे. ती हाक बंद झाली.

साहेबांना दुसरं कुणी भेटलं की नाही, मला कळलं नाही. वरातीत बार निघायचे ते मी ऐकायचो, आणि प्रत्येक बाराला माझी मान खाली जायची. कुणाला काही झालं नाही. पण ते काही माझ्या शहाणपणामुळं नव्हे.

नंतरची गोष्ट 2016 ची. तात्या शहाऐंशीचे झाले होते. दिवाळीत मी गावी होतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो, तिथला नागरिक झालेला. सणाचा त्याचा व्हिडिओ कॉल आला. सगळ्यांशी बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, तात्याआजोबांना द्या ना फोन. त्यांना एक विचारायचंय."

तिथं नेमबाजीच्या क्लबात तो जातो. एक नऊ एमएमचं पिस्तूल, एक .38 चं रिव्हॉल्व्हर. तिकडं आपल्या गोळ्या आपण भरणं कायद्यानं चालतं, बऱ्याच जणांना तो छंदच असतो, आणि त्याला ते शिकायचं होतं. दुकानात गेला तर भिंतभर डाय. आरसीबीएस, ली, हॉर्नडी. कुठली घ्यावी कळेना.

मी फोन तात्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसलो. माझ्या छातीत धडधडत होतं.

"काय म्हंतोस? डाय?" तात्या ताठ बसले. "पयलं सांग, तुझी गोळी कशावर टेकती?"

पोरगा गोंधळला. मग दोन्ही पुंगळ्या त्यानं कॅमेऱ्यापुढं धरल्या. आणि तात्या सव्वीस वर्षांपूर्वी मला बोलले तेच सगळं पुन्हा बोलले, एकही पायरी न गाळता. .38 काठावर टेकते, तिचं तोंड वळवून मिटव. नऊ एमएम तोंडावर टेकते, तिला वळवू नकोस, नुसतं दाब. आवळायची डाय कार्बाइडची घे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, तेलाचा ताप वाचेल. नऊ एमएमची पुंगळी सरळ दिसते पण सरळ नसते. खाली नऊ पूर्णांक नव्वद मिलिमीटरच्या वर आणि तोंडाशी साडेनऊच्या जरा पुढं. तेव्हा तिची डायही तिच्याच उताराची पाहिजे, .38 ची घालून भागवू नकोस. गोळी बसवायची आणि तोंड मिटवायची ही दोन कामं एकाच डायवर करू नकोस. शिकाऊ माणसानं मिटवायची चौथी डाय वेगळी घ्यावी. म्हणजे एक बिघडलं तर कुठं बिघडलं ते कळतं.

पोरगा लिहून घेत होता. त्यानं सांगितलं, "आजोबा, आरसीबीएस आहे ना, ती सुरू कशी झाली ठाऊक आहे? 1943 साली, महायुद्धात गोळ्या मिळेनात म्हणून. हंटिंग्टन म्हणून एक जण होता कॅलिफोर्नियात. रॉक चक म्हणून घुशीसारखं मोठं जनावर असतं, ते मारायला लागणाऱ्या गोळ्यांसाठी त्यानं डाय केली. त्या रॉक चकवरूनच नाव पडलं."

तात्यांना हे फार आवडलं. "त्रेचाळीस साली व्हय?" म्हणून हसले. "तवा हिकडं बी गोळ्या मिळत न्हवत्या." मग एकदम गंभीर झाले.

"एक सांग. तू भरल्याली गोळी कोण उडवणार?"

"मीच, आजोबा."

"दुसरं कोण न्हाय?"

"नाही."

"मग भर. दारू घातली की दर पुंगळीत बॅटरी मारून बघ, मगच गोळी बसीव. भरताना कुणी बोलाय आलं तर हात थांबीव. आन आपण भरल्याली गोळी दुसऱ्याला द्यायची न्हाय, दोस्त आसला तरी. ज्येचा हात, त्येचंच पिस्तूल. समजलं?"

"समजलं."

"बुडावर काय लिवलंय बघू?"

पोरानं पुंगळी उलटी करून कॅमेऱ्याला लावली. फोनचा पडदा तळहाताएवढा, त्यात ती पुंगळी चिंचोक्याएवढी. मला फक्त पिवळं काहीतरी चमकताना दिसत होतं. तात्यांनी फोन हातभर लांब धरला आणि एकेक अक्षर वाचलं. इंग्रजी अक्षरं, मग आकडा, मग पुन्हा अक्षरं. शहाऐंशीव्या वर्षी, चष्म्याशिवाय. पोरगा म्हणाला, "आजोबा, डोळे अजून एक नंबर आहेत तुमचे!"

सोप्यात जरा वेळ कुणी बोललं नाही. फोन बंद झाला. मी म्हणालो, "तात्या, त्या वेळी मी साहेबांना..."

"ठावं हाय," तात्या म्हणाले.

"तुम्ही सांगितलं तसं मला सांगता आलं नाही."

"नोकरी पायजे हुती तुला."

"हो."

"मग तसं सांगायचंस मला. म्या काय तुला खाल्लं नसतं." एवढं बोलून ते उठले, बाकड्यापाशी गेले. वाइसमध्ये कुणाच्या तरी शिलाई मशीनची बॉबिन केस धरून ठेवलेली होती. भिंग घेऊन वाकले. मी तिथंच बसून राहिलो, घोंगड्यावर, पूर्वी जिथं त्रेचाळीस पुंगळ्या मांडल्या होत्या तिथं.

थोड्या वेळानं त्यांनी मागं न बघताच हाक मारली.

"ये. ह्ये बघ."